इस्तंबूलचं मांजर: तुम्ही विचारलंत म्हणून

"सुट्टीला इस्तंबूलला गेलात आणि तिथलं रस्त्यावरचं मांजर जर्मनीला घेऊन आलात? कसं काय?" हे कुणी कौतुकाने विचारतं, तर कुणी 'पैसे उतू चाललेत' अशा सुरात. हल्ली तिसरा प्रकार वाढलाय. इस्तंबूलच्या गलाता नाहीतर कादिकॉय भागातल्या एखाद्या कॅफेतून फोटो येतो, मांडीवर पिल्लू, खाली एक ओळ: "परवा फ्लाइट आहे, काय काय लागेल?"

परवाच्या फ्लाइटने ते पिल्लू येणार नाही. पुढच्या महिन्यातही नाही. हे सांगितलं की लोकांना मी खडूस वाटते. वाटू दे.

मुंबई-पुण्याहून विचारणाऱ्यांचं आधी उरकते. किमान दोन वर्षं परदेशात राहून कायमचं भारतात परतणाऱ्या माणसाला सामानासोबत दोन पाळीव प्राणी आणता येतात. आठ दिवसांच्या टूरवर गेलेला माणूस त्यात बसत नाही. त्याला परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना लागतो, वर पशू संगरोध (क्वारंटाइन) विभागाचं ना-हरकत पत्र. एका भटक्या मांजरासाठी हे जवळपास अशक्य आहे. तेव्हा चांगल्या दवाखान्यात त्याच्या नसबंदीचे पैसे भरा आणि परत या. यात कमीपणा काही नाही.

आता युरोपात राहणाऱ्यांसाठी. रेबीजच्या बाबतीत तुर्कस्तान युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नाही. म्हणून नुसती लस पुरत नाही, लशीने काम केल्याचं रक्तातून दाखवावं लागतं. क्रम असा: आधी चिप, मग लस, मग रक्त, मग थांबणं. चिप म्हणजे कातडीखाली टोचायची ओळखखूण, पंधरा आकडी, आयएसओ मानकाची. लस चिपच्याच दिवशी चालते, आदल्या दिवशीची चालत नाही. कारण सोपं आहे: लस नेमक्या याच मांजराला टोचली हे चिपशिवाय सिद्ध होत नाही. कनवाळू डॉक्टर आधी लस टोचून मोकळे होतात आणि चिप पुढच्या भेटीवर ढकलतात. तसं झालं तर ती लस कागदावर शून्य. शिवाय लशीच्या वेळी पिल्लू बारा आठवड्यांचं हवं.

लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं. ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासलं जातं आणि अँटिबॉडीचं प्रमाण मिलीलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त यावं लागतं. मग रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने. अहवालाच्या तारखेपासून नव्हे, हे इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय. १ जूनला चिप आणि लस झाली, तर एक दिवस हाताशी ठेवून २ जुलैला रक्त, आणि २ ऑक्टोबरच्या आधी प्रवास नाही. बारा आठवड्यांचं पिल्लू घरी येतं तेव्हा सात महिन्यांचं झालेलं असतं. मांडीवर मावणारं तुम्हाला कधीच मिळणार नाही.

तीन महिने कशाला, यावर लोक माझ्याशी भांडतात, जणू नियम मीच केलाय. लस टोचली त्याआधीच मांजराला रेबीजचा संसर्ग झालेला असू शकतो. अशा मांजराच्या रक्तात लशीमुळे अँटिबॉडी छान दिसतील आणि आजार मात्र आत वाढत राहील. तो बाहेर यायला बहुधा जेवढा वेळ लागतो तेवढा थांबून पाहायचं, म्हणून तीन महिने. जिथे कुत्रं चावलं की पोटात धस्स होतं, अशा देशात वाढलेल्या आपण तरी यावर कुरकुर करू नये. आणि हो, त्या फोटोतल्या पिल्लाने ओरखडलं असेल तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजराच्या कागदांचं नंतर बघू.

पण खरा प्रश्न कुणी विचारतच नाही: हे चार महिने मांजर राहतं कुठे?

तुम्ही तर परत आलेले असता. इस्तंबूलच्या बऱ्याच दवाखान्यांत मांजर ठेवून घेतात. पण ठेवतात म्हणजे पिंजऱ्यात. स्टीलचा खण, एका कोपऱ्यात वाळूचं भांडं, त्याच्या हातभर अंतरावर खाणं, शेजारच्या खणात शिंकणारं मांजर. अशा ठिकाणी मांजरांचा फ्लू पसरायला वेळ लागत नाही, आणि डोळे चिकटलेलं, ताप आलेलं पिल्लू नाक बंद झालं की खाणं सोडतं. शरीर एकवेळ सावरतं. पिल्लाला माणसाची सवय लागते ती प्रामुख्याने दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, आणि त्या वयात रस्त्यावर लागलेली सवय पिंजऱ्यातल्या महिन्यांत विरत जाते. दुकानदाराच्या पायात घोटाळणारं मांजर चार महिन्यांनी हात दिसला की मागे सरकतं. तुमच्याकडे या काळात फक्त व्हिडिओ येतात, दहा-दहा सेकंदांचे, आणि त्यांत सगळं ठीक दिसतं. मधेच रक्ताचा अहवाल ०.५ च्या खाली आला (पिल्लाच्या अंगातल्या आईकडच्या अँटिबॉडी लशीला नीट काम करू देत नाहीत, म्हणून असं होतं), तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. हे कळवणाऱ्या दवाखान्याच्या फोनवर 'नको, सोडून द्या त्याला' हे वाक्य अगदी ओठांवर येतं. मी त्या वाक्याला दोष देत नाही. फक्त कुठे सोडणार? त्याची गल्ली तोवर दुसऱ्या मांजरांची झालेली असते.

म्हणून माझा हट्ट: आधी ठेवून घेणारं घर शोधा, चिप नंतर. पिंजरा नको, घर; निदान बंद दाराची एक खोली. तेवढं जमत नसेल तर पिल्लू उचलू नका. आणि उचलण्याआधी कान बघा. टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, म्हणजे कुणाचं तरी लक्ष आहे. चिप आधीपासून आहे का ते स्कॅन करून घ्या, तुर्कस्तानात पाळीव मांजरांना ती सक्तीची आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. निम्म्या 'अनाथ' मांजरांना तीन-तीन घरं असतात.

प्रवासाचं थोडक्यात. सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला युरोपात शिरण्याआधीच्या दहा दिवसांतला हवा, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावरच लिहून घ्यावा. मांजर आणायला स्वतः जा. 'येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा' हे दत्तक मांजराच्या बाबतीत मालकी बदलल्यासारखं धरलं जातं आणि व्यापारी आयातीचे नियम लागतात. केबिनमध्ये पिंजऱ्यासह साधारण आठ किलोंची मर्यादा असते. सुरक्षा तपासणीत मांजर बाहेर काढावं लागतं, कारण एक्स-रेमधून फक्त पिंजरा जातो. म्हणून अंगात घट्ट हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घाला, त्याची आधी दोन आठवडे घरात सवय करा, आणि बंद खोलीत तपासणी मागून घ्या. झोपेचं औषध नको, रक्तदाब पडतो. उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या नव्हे, लाल मार्गाने जाऊन कागद दाखवा. ते अपुरे निघाले तर परत पाठवणी किंवा तुमच्या खर्चाने विलगीकरण. शेवटचा उपाय कायद्यात लिहिलेला आहे, तो मी इथे लिहीत नाही.

मग आणावं की नाही? सुरुवातीला मी ठासून सांगायचे, रस्त्यावरच्या जिवाला घर मिळतंय तर वाद कसला. आता त्या वाक्याशी माझंच पटत नाही. इस्तंबूल काही ओसाड माळ नाही. जिथे तोंबिली नावाच्या एका गल्लीतल्या मांजराचा पुतळा २०१६ साली उभारला गेला, जिथे दुकानाच्या पायरीवर वाट्या भरलेल्या असतात, तिथलं मांजर जर्मनीतल्या तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या बाल्कनीत आणून आपण त्याच्यावर उपकारच केले, असं छातीठोक म्हणवत नाही. दुसरीकडे त्याच गल्लीत गाड्या आहेत, पार्व्हो विषाणूने मरणारी पिल्लं आहेत, आणि वाट्या भरणारा माणूस म्हातारा होतो. आमचं मांजर पहाटे दाराशी बसून ओरडतं तेव्हा मला पहिली बाजू पटते, आणि नऊ वाजता हीटरवर पसरतं तेव्हा दुसरी. तुम्हाला ठाम उत्तर हवं असेल तर ते तारखांबद्दल मिळेल. याबद्दल नाही.