उंदीर क्रमांक दोन

परीचा गळा बसला, हे मला पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी बसमध्ये कळलं. स्टेज मॅनेजरचा निरोप होता: "परीला आवाज नाही. अकराला स्टुडिओत ये." तालमी सुरू झाल्या की आमच्याकडे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. परी, बॅरन, राजपुत्र, उंदीर, एवढंच.

लंडनमधल्या एका संगीत महाविद्यालयात मी रेपेटिटर आहे. म्हणजे तालमीत अख्खा ऑर्केस्ट्रा एकटीने पियानोवर वाजवायचा, गायकांकडून भूमिका घोटून घ्यायची, कुणाची एंट्री चुकली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवत बसायचं. एरवी प्रयोगाच्या आठवड्यात ऑर्केस्ट्रा येतो आणि आमची सुट्टी होते. या वेळी तसं नव्हतं, कारण हा ऑपेराच मुळात पियानोसाठी लिहिलेला. पोलीन व्हियार्दोचा 'सांद्रियों', म्हणजे सिंड्रेलाची गोष्ट. तीन अंक, सात भूमिका, एक पियानो, आणि मध्ये मध्ये बोललेले संवाद. पहिला प्रयोग 1904 साली पॅरिसमध्ये एका घरच्या दिवाणखान्यात झाला, तेव्हा बाई 82 वर्षांच्या होत्या.

सिंड्रेला म्हटलं की ऑपेरावाल्यांना रॉसिनीचा ऑपेरा आठवतो, नाहीतर मासनेचा. व्हियार्दोबाईंचं नाव गायनाच्या इतिहासात मोठं आहे, पण गायिका म्हणून. 1849 मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मधली आई पहिल्यांदा त्यांनी उभी केली, आणि सँ-साँसने 'सामसों ए दालिला' त्यांना अर्पण केला. माहेर तर असं की वाचताना दम लागतो. वडील मान्युएल गार्सिया, 1816 मध्ये रॉसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेरातले पहिले अल्माव्हिवा. थोरली बहीण मारिया मालिब्रान, जिच्यासाठी युरोप वेडा झाला होता आणि जी 28 व्या वर्षी मँचेस्टरमध्ये गेली. भावाकडे पुढे येते.

माझ्या दृष्टीने बाईंचं खरं मोठेपण वेगळं आहे. रंगभूमीवरून बाजूला झाल्यावर बाडेन-बाडेनमध्ये राहत असताना त्यांनी छोटे ऑपेरे लिहिले, शब्द रशियन लेखक तुर्गेनेव्हचे, आणि ते घरीच आपल्या शिष्यांकडून आणि मुलांकडून बसवून घेतले. 1867 मधला 'ल देर्निए सॉर्सिए' असाच. गळा खोलीत तयार होतो, पण गायक तयार व्हायला रंगमंच लागतो, हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. आमच्या विभागाने 'सांद्रियों' निवडला तोही याच हिशेबाने. पुच्चिनीचा 'बोहेम' दिला की मुलं कानात त्यातल्या नायिकेची, मीमीची, कुणाची तरी रेकॉर्डिंग घेऊनच येतात. कुठे थांबायचं, कुठे हुंदका द्यायचा, सगळं उचललेलं. फारशा न झालेल्या ऑपेरात उचलायला फारसं काही सापडत नाही. दिग्दर्शिकेने तर जी काही थोडी रेकॉर्डिंग्ज आहेत तीही ऐकायची नाहीत अशी तंबी दिली होती.

त्या सकाळी याच गोष्टीने आमची पंचाईत केली. लंडनमध्ये दुपारी फोन फिरवलात तर संध्याकाळपर्यंत मीमी मिळते. व्हायोलेत्ता मिळते, बऱ्यापैकी कार्मेनही मिळते. व्हियार्दोची परी मात्र कुणालाच पाठ नव्हती. भूमिका दुहेरी होत्या, पण दुसऱ्या संचाची परी जर्मनीत एका ऑपेरा हाउसच्या ऑडिशनला गेलेली, दुसऱ्या दिवशी परतणार होती. विभागप्रमुखांनी तरी दोन-चार फोन केले. प्रत्येकाने आधी "कोणता सिंड्रेला?" असं विचारलं आणि मग दिलगिरी व्यक्त केली.

परी तोवर डॉक्टरकडे जाऊन आली. नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं, स्वरतंतू सुजलेले. निदान दोन दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कारण त्यानेही तंतूंना ताण पडतो. तिने हे आम्हाला पाटीवर लिहून सांगितलं आणि खाली रडक्या चेहऱ्याचं चित्र काढलं. आता भाऊ. स्वतःचे स्वरतंतू गाताना कसे हलतात, ते 1854 मध्ये दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून पाहिले मान्युएल गार्सिया धाकट्याने, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. तो डॉक्टर नव्हता, गाणं शिकवायचा. इथल्याच रॉयल अकॅडमीत कित्येक वर्षं, आणि जगला 101 वर्षं. म्हणजे सकाळी परीच्या घशात जे उतरलं त्याची सुरुवात आमच्या संगीतकार बाईंच्या सख्ख्या भावाने केलेली. मी हे सांगितल्यावर बॅरन खो खो हसला. परीला हसायचीही बंदी होती.

दोन पर्याय उरले. प्रयोग रद्द, किंवा परीने नुसता अभिनय करायचा आणि दुसऱ्या कुणी बाजूला उभं राहून गायचं. मोठ्या ऑपेरा हाउसमध्येही अशी वेळ येते, त्यात नवल नाही. प्रश्न होता, गाणार कोण? तेव्हा मागून एक हात वर आला. पहिल्या वर्षाची मुलगी, सोप्रानो म्हणजे उंच पट्टीची गायिका, उंदीर क्रमांक दोन. "मला येतं," म्हणाली. दिग्दर्शिकेने विचारलं, किती येतं? "सगळं."

यात जादू काही नव्हती. दिग्दर्शिकेने उंदरांना परीच्या गाण्याच्या आधीच स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली लपवलं होतं. गाणं संपेपर्यंत चौघींनी तिथे गुडघ्यांवर बसून राहायचं आणि मग पळत बाहेर येऊन घोडे व्हायचं. प्रत्येक तालमीत ही मुलगी ते गाणं टेबलाखालून ऐकत होती. बाकीच्या तिघी गुडघ्यांच्या नावाने ओरडायच्या, ही ऐकायची.

दुपारी आम्ही दोघी छोट्या खोलीत बसलो. मी वाजवायला लागले आणि तिला खरंच सगळं येत होतं. सूर, शब्द, वरच्या पट्टीतल्या हलक्या ताना. आवाज परीपेक्षा बारीक, पण टोकाला छान धार. अडलं ते पहिल्याच ओळीला. 'ज व्ह्यें त राँद्र आ लेस्पेराँस', मी तुला पुन्हा आशेकडे न्यायला आलेय. परी ही ओळ एका श्वासात काढायची, तिचा दमसास दांडगा. उंदराने तेच करायचा घाट घातला आणि शेवटचा स्वर गुदमरला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिंग ऐकायचं नाही म्हणून आम्ही इतकं बजावलं, तरी पोरीने नक्कल केलीच होती, फक्त समोरच्या गायिकेची. श्वाससुद्धा परीचे, जिथल्या तिथे.

मध्येच श्वास घे म्हणावं तर फ्रेंच आडवी येते. सगळ्यात सोयीची जागा 'राँद्र'च्या पुढची, पण गाताना 'राँद्र' आणि 'आ' जुळून 'राँद्रा' होतं, आणि बाईंनी स्वरही तसाच, एकच ठेवलाय. तिथे थांबलं तर लोंबकळलेल्या 'द्र'ला बसायला स्वरच नाही. उलट 'लेस्पेराँस'चा शेवटचा 'स' बोलताना नुसता सुटतो, गाताना मात्र त्याला स्वतःचा स्वर असतो आणि तो हलकेच मांडायचा असतो. तेवढ्यासाठी फुप्फुसात काहीतरी शिल्लक लागतं. संगीत नाटक बघत वाढलेल्यांना सांगायला नको, गद्य संपून पद सुरू होतं तिथेच जीभ घसरते. इथे तर त्या सांध्यावर उच्चाराचे नियमच बदलतात.

मग मी लय थोडी चढवली. फार नाही, ऐकणाऱ्याला घाई वाटणार नाही इतकीच. तिला म्हटलं, परी विसर, तुझा श्वास जिथे संपतो तिथे ओळ संपव, बाकीचं मी बघते. चौथ्यांदा ओळ पूर्ण झाली आणि शेवटचा 'स' नीट खाली उतरला. तिने पेन्सिल मागितली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, तिच्या प्रतीत ही पानं कोरीच आहेत, तिच्या वाट्याची नव्हती ना.

रंगमंचावर वेगळाच गोंधळ. पियानो डावीकडे, उंदीर माझ्या शेजारी काळ्या कपड्यांत, परी पंख लावून मध्यभागी. मारी, म्हणजे आमची सिंड्रेला, परीच्या खांद्यांकडे बघून आपली एंट्री घेत असे. परीने श्वास घेतला की खांदे वर जायचे, त्यावर मारी निघायची. आता खांदे हलत होते पण आवाज तिथून येत नव्हता. मारी दोनदा आधी घुसली, तिसऱ्यांदा उंदराकडे बघत राहिली आणि तिच्यापुढे उभी असलेली परी अगदी बिनकामाची दिसू लागली. दिग्दर्शिकेने स्पष्ट सांगितलं: बघायचं परीकडे, ऐकायचं पियानोकडे. सांगायला सोपं. आवाज घडवायला मुलांकडे वर्षं असतात, पण डोळे एकीकडे ठेवून कान दुसरीकडे लावणं गाण्याच्या वर्गात शिकवताच येत नाही. तो सराव अशाच दुपारी होतो. संवाद तेवढे कापले. परीच्या तोंडी गद्य फार नाही. होतं त्यातलं बरंचसं परीने हातवाऱ्यांनी निभावलं आणि दोन वाक्यं मारीने प्रश्नाच्या रूपात स्वतःकडे घेतली.

आणि एक घोडा कमी पडला. उंदीर क्रमांक दोन पियानोपाशी उभा, मग गाडी ओढणार कोण? तीन घोड्यांची गाडी वाकडी चालेना का, मी म्हटलं. दिग्दर्शिकेला ते पटेना. शेवटी प्रॉप्स सांभाळणाऱ्या उंचपुऱ्या मुलाला कान आणि शेपूट चढवली. शेपूट त्याच्या गुडघ्यापर्यंतच आली.

सहा पंचविसाला हाफ पुकारला गेला. इथे हाफ म्हणजे पडदा उघडायच्या 35 मिनिटं आधी, त्यानंतर कुणी इमारतीबाहेर जायचं नाही. विभागप्रमुख पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना सांगून गेले की परी आज बोलणार नाही, गाणार दुसरीच. लोक हसले, चांगल्या अर्थाने. ऑपेरा कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे तुलना करायला कुणाकडे काही नव्हतं. हा फारशा न झालेल्या ऑपेराचा फायदा मात्र निखालस.

प्रयोगात मला जे दिसलं ते तालमीत कधी दिसलं नव्हतं. आमची परी गाताना डावा हात मुठीत आवळते. शिक्षिकेने सांगून झालं, दिग्दर्शिकेने सांगून झालं, मूठ काही सुटायची नाही. त्या रात्री गळ्यावरचा भार उतरला आणि मूठ उघडली. भोपळ्यावर हात ठेवताना तिची बोटं अशी काही पसरली की भोपळ्याची गाडी होणार हे दिवा बदलायच्या आधीच कळलं. इकडे उंदीर पहिल्या ओळीला थरथरत होता, दुसऱ्या कडव्यात स्थिरावला. शेवटच्या मोकळ्या तानेवर आम्ही दुपारी एक साधा शेवट ठरवला होता. परी रंगात येऊन कांडी वर नेतच राहिली, थांबायचं चिन्ह दिसेना. उंदराने ते बघितलं आणि तान आणखी एक वळसा घालून वर नेली. ठरलेलं नव्हतं. माझे हात पट्ट्यांवर अधांतरी. कांडी खाली आली तशी तीही सुरावर उतरली आणि मी समेवर गाठलं. टाळ्या पडल्या तेव्हा मारी हसत होती, पात्र म्हणून की स्वतः, कोण जाणे. लगेच उंच घोडा टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेता झाला आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

दुसरा आणि तिसरा अंक नेहमीसारखे झाले. बॅरन, जो पूर्वी किराणा विकायचा, आपल्या जुन्या धंद्याच्या आठवणींत सगळा भाव खाऊन गेला. त्याला त्यासाठी आवाजापेक्षा आगाऊपणा जास्त लागतो आणि तो त्याच्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी जर्मनीहून दुसरी परी परतली आणि तिच्या संचाचा प्रयोग बिनघोर झाला. पहिल्या परीचा आवाज शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी पूर्ण परत आला. वॉर्म-अपला आली, एक-दोन आलाप केले, मग माझ्याशेजारी बाकावर बसून म्हणाली, लय उंदराचीच ठेव, त्या लयीत ओळ बोलल्यासारखी वाटते. मी म्हटलं, दिव्यांचे क्यू, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या खुणा, संथ लयीवर बसवलेत, आधी स्टेज मॅनेजरला विचार. ती विचारायला गेली. स्टेज मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की अख्ख्या गाण्याचे क्यू ती आता नव्याने मांडणार असेल, तर कॉफी परीने आणायची, आणि उंदरासाठीही एक.