पंचवटीतली आमची शाळा बंद झाली तेव्हा

मुलगी तिसरीत होती. नाशिकच्या पंचवटीतली जुनी अनुदानित मराठी शाळा, तिचे आजोबा पण तिथलेच. पहिली ते चौथी मिळून पट 17 वर आला होता. रोज सकाळी आमच्याच गल्लीतून इंग्लिश मिडीयमच्या व्हॅन भरून जायच्या, मुलं कुठं गेली ते वेगळं सांगायला नको. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं, मग एकेका बाईंकडे दोन-दोन वर्ग, ते बघून आणखी पालक मुलं काढतात. फेब्रुवारीत मिटिंग झाली आणि सांगितलं, जूनपासून शाळा नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मोठ्या बाईंचे उपकार आहेत. त्या म्हणाल्या, "ताई, सुट्टी लागायच्या आत शाळा सोडल्याचा दाखला न्या आणि नवीन शाळेला ऑनलाइन ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकायला लावा. माझं लॉगिन चालू आहे तोवर मी अप्रूव्ह करते, नंतर कुणाच्या दारात जाल?" ज्यांची शाळा बंद होणार आहे त्यांनी हे आधी करा, प्लीज.

दाखला घरी आणून बघते तर माझ्या नावात चूक. परत गेले. बाईंनी जनरल रजिस्टर काढलं, कापडी पुठ्ठ्याचं, कडा झिजलेल्या, त्यात नाव बरोबर होतं म्हणून लगेच दुसरा दाखला करून दिला. तेव्हाच सासऱ्यांची 1958 ची नोंद पण शोधली, निळी शाई फिकी झालेली पण अक्षर मोत्यासारखं, आणि तिचा उतारा सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवला. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेची नोंद लागते आणि शाळाच नसली की ते रजिस्टर शोधत फिरावं लागतं.

शेजारच्या वहिनींना दाखला मिळायला उशीर झाला तर नवीन शाळेतला क्लार्क नाव घेईना. ती नवीन शाळा पण अनुदानितच होती. आम्ही दोघी गेलो, आरटीई 2009 (शिक्षण हक्क कायदा) चं कलम 5 दाखवलं, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे, आणि म्हटलं नकार लेखी द्या. नाव लागलं.

अंतराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पहिली ते पाचवीची शाळा 1 किमीच्या आत हवी असं नियम म्हणतो, आम्हाला मिळाली ती गोदावरीच्या पलीकडं, दोन किमीच्या वर, एवढीशी पोर सिटीलिंक बसच्या गर्दीत एकटी कशी पाठवू, म्हणून मीच रोज सोडायला जाते. वाहतुकीच्या सोयीसाठी अर्ज दिलाय, पोच जपून ठेवलीय.

मोठ्या बाईंचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक, लांब झालं, रोज जाऊन-येऊन करतात. परवा त्यांचा फोन आला, म्हणाल्या आधी मुलीला द्या, आणि तिला पहिलंच विचारलं, "पाढे कुठवर आले गं?" ती म्हणाली, "एकोणीस." आणि म्हणून दाखवला, पूर्ण.