तुम्ही विचारलंत म्हणून: ऊन पडलंय, तरी पाणी चढतंय कसं?

"काका, बाहेर लख्ख ऊन पडलंय की! मग पंचगंगेचं पाणी चढतंय कसं?" जुलै-ऑगस्टात हे मला भाजी घेताना, गिरणीत, अगदी दवाखान्यात रांगेत बसल्यावरही विचारतात. नोकरीची बरीच वर्षं मी पाऊस आणि नदी मोजण्यात घालवली, हे कोल्हापुरात आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्या दारातल्या पावसानं पंचगंगेला पूर येत नाही. तो येतो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसानं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या घाटाकडून येतात आणि प्रयाग चिखलीपासून पुढं पंचगंगा होते. घाटात दिवसाला 200 मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर आठ लाख लिटर पाणी ओतलं गेलं समजा. आता तिथले डोंगर किती एकर आहेत, तुम्हीच मनात धरा. ते सगळं पाणी शहराजवळून जायचं, आणि त्याला पोचायला वेळ लागतो. तोवर आपल्याकडं ऊन पडलेलं असतं. म्हणून हवामान खात्याचा अंदाज वाचताना कोल्हापूर जिल्ह्याची ओळ वाचून थांबू नका, त्यात घाट भागासाठी वेगळं काय लिहिलंय तेही बघा.

त्यात राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट, म्हणजे चाळीस हजार लिटर पाणी सुटतं. आणि खाली नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा आधीच भरलेली असली, तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. आपल्याकडं याला फूग म्हणतात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी हलत नाही, ते या फुगीमुळं.

हे सगळं कळतं कशावरून? कुणीतरी सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाजवळ उभं असतं म्हणून. हवामान खातं 1875 सालचं. आता स्वयंचलित यंत्रं आली, रडार आलं, उपग्रह आले, तरी मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून वाचणारा माणूस अजून आहे. काचेच्या कडेला पाणी थोडं वर चढलेलं दिसतं. ते वाचायचं नसतं, मधला खोलगट भाग वाचायचा. नदीची पट्टी वाचणं त्याहून कठीण. रात्री दोन वाजता, छत्री उलटी झालेली, बॅटरीच्या उजेडात दगडावरचे आकडे. लाट आली की पाणी तीन इंच चढतं, गेली की उतरतं. पाच-सहा लाटा बघायच्या, मग मधला आकडा सांगायचा. घाईत वरचा आकडा सांगितला, तर खालच्या गावात उगाच धावपळ होते. खालचा सांगितला, तर त्याहून वाईट. पूर असला की दर तासाला हे करायचं. मला या कामाचा अभिमान वाटतो, आज ते करणाऱ्या पोरांचा तर फारच.

कोल्हापूरजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथं 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 साली 56 फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दोन्ही वेळा.

माझी एक आत्या नदीकाठच्या गल्लीत राहायची. एका वर्षी मी तिला दुपारी फोन केला, "आत्या, पाणी चढतंय, माडीवर सामान चढव, आणि तू इकडं ये." ती म्हणाली, "अरे, मी पापड वाळत घातलेत, असलं ऊन पडलंय." संध्याकाळी गल्लीत पाणी शिरलं. शेजारच्या पोरांनी तिला नावेतून आणलं, मांडीवर पापडांचा डबा घट्ट धरलेला. तिला काही झालं नाही, पण चुलीपासून कपाटापर्यंत सगळं भिजलं.

तेव्हापासून पावसाळ्यात मी रोज सकाळी तिला फक्त आकडा सांगायचो. "आत्या, छत्तीस फूट दोन इंच." ती विचारायची, "काल किती होतं?" आकडा चढतोय की उतरतोय, तेवढंच तिला पाहिजे असायचं. आभाळाकडं बघणं तिनं सोडून दिलं होतं.