"ह्याचा गंज ह्यालेच सांभाळते"

"केवढा मळ निघतोय हो!" वाडीतल्या गॅरेजात कारागिराच्या हातातलं काळंकुट्ट फडकं बघून मी म्हटलं.

तो हसला. "मळ कायचा भाऊ? डिस्कच हाय हे."

ट्रेलरच्या चाकांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डिस्क, म्हणजे टायर बसतो ती रिम, पांढरट डाग पडून मळकटलेल्या. आधी ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक ८००, मग १२००. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे काढतो. शेवटी पॉलिश लावून कापडी बफ. आरसा झाला राव!

पण त्याचं पुढचं बोलणं डोक्यातून जाईना. "लोखंडाचा गंज लोखंडाले खाते. ह्याचा गंज ह्यालेच सांभाळते."

खरंच आहे. लोखंडाचा गंज पापुद्रे धरून गळतो, आतलं लोखंड पुन्हा उघडं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं बसणारा ऑक्साइडचा थर केसापेक्षा हजारो पट पातळ, पण घट्ट. घासून काढला तरी क्षणात नवा धरतो. डाग पडतात ते बहुतेक धुताना मारलेल्या जहाल केमिकलमुळे, आणि ते मारतो आपणच.

म्हणजे चमकेसाठी पैसे देऊन आपण थोडी थोडी डिस्कच घासून टाकतो. ट्रेलरचे मालक मात्र खूश. डिस्कमध्ये तोंड बघून मिशीवर हात फिरवला त्यांनी! टायरची नक्षी किती उरलीय, ते कोणी वाकून पाहिलं नाही.

वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, मारलं तर चमक टिकते, पण उन्हात पिवळं पडून सालपटं निघतात म्हणे. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात कोणाचं टिकलंय का?