शून्य परत करणारा कंपॅरेटर

कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) फुगली म्हणून ग्लिबसी सोडून मसलवर (musl) जायचं ठरलं. दोन्ही सी भाषेच्या मूलभूत फंक्शनांच्या लायब्ररी. साध्या ‘हॅलो वर्ल्ड’ची स्टॅटिक बायनरी (लायब्ररी आतच भरलेली प्रोग्रामची फाइल) ग्लिबसीवर सात-आठशे किलोबाइटची होते, मसलवर पन्नासच्याही आत, त्यामुळे कुणाला फार पटवावं लागलं नाही. रात्रीच्या चाचणीत मात्र अहवालाची फाइल जुळेना. आकडे तेच, बेरीज तीच. फक्त एकाच तारखेच्या नोंदी आपापसांत जागा बदलून बसलेल्या.

टीममधल्या अनुभवी मंडळींचा निकाल तयारच होता: मसलमध्ये बग आहे. सोर्स कुणी उघडलेला नव्हता.

मी उघडला. मसलचा क्यूसॉर्ट, म्हणजे नोंदी क्रमाने लावणारं सीचं फंक्शन, दोन-अडीचशे ओळींत संपतो. आत आहे डायक्स्ट्राने १९८१ साली मांडलेला स्मूथसॉर्ट: हीपसॉर्टचाच भाऊबंद, पण डेटा आधीच क्रमाने लागलेला असेल तर झटपट उरकणारा. सगळं काम जागच्या जागी. मॅलॉक, म्हणजे चालता चालता मेमरी मागून घेणारं फंक्शन, नाहीच, त्यामुळे मेमरी मिळाली नाही तर काय, हा प्रश्नही नाही. एका बैठकीत वाचून झाला. (स्मूथसॉर्ट ज्यांवर चालतो त्या लिओनार्डो संख्यांपाशी कागद-पेन घ्यावं लागलं, खोटं कशाला बोला.)

मग आम्ही वापरत होतो ती ग्लिबसीची जुनी आवृत्ती काढली. नाव क्यूसॉर्ट, आत मर्जसॉर्ट! १०२४ बाइटांच्या आत काम भागत असेल तर तात्पुरती जागा स्टॅकवर (फंक्शनला आपोआप मिळणाऱ्या मेमरीत), नाहीतर मॅलॉककडून. मशीनच्या एकूण मेमरीच्या पाव हिश्श्याहून जास्त जागा लागणार असेल, किंवा मॅलॉकने हात वर केले, तर गुपचूप क्विकसॉर्ट. मर्जसॉर्ट समान नोंदींचा मूळ क्रम राखतो. क्विकसॉर्ट किंवा स्मूथसॉर्ट राखेलच असं नाही. म्हणजे आमचा अहवाल इतकी वर्षं ‘बरोबर’ येत होता तो मेमरी पुरत होती म्हणून. सी मानकाने तर समान घटकांच्या क्रमाची हमी कधी दिलेलीच नाही.

आमचा कंपॅरेटर, म्हणजे दोन नोंदींत आधी कोण हे क्यूसॉर्टला सांगणारं फंक्शन, फक्त तारीख बघायचा. तारीख जुळली की शून्य, म्हणजे ‘दोन्ही समान’. प्रत्येक नोंदीत तिचा मूळ क्रमांक ठेवला, तारीख सारखी असेल तर त्यावरून तुलना. चार ओळींचा बदल. तिकिटाचं (तक्रारीच्या नोंदीचं) शीर्षक अजूनही ‘मसलचा सॉर्टिंग बग’ असंच आहे. बदलायला सांगितलं तर टीममधले म्हणाले, आता बंदच झालंय ना.

कोडमध्ये क्यूसॉर्ट आणखी सतरा ठिकाणी सापडला. त्यांतले नऊ कंपॅरेटर असेच. यादी करून पाठवली आहे. पण त्यांच्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, आहेत, त्यामुळे उत्तर आलेलं नाही.