किल्ले निवतीची पुळण: तिथी पाहून निघावे

वेंगुर्ले तालुक्यातील परुळ्याहून पुढे गेले की रस्ता माडांच्या बागांतून उतरत किल्ले निवतीच्या वाडीत संपतो. तिथेच किल्ल्याच्या डोंगराखाली, दोन्ही बाजूंच्या काळ्या खडपांनी आवळून धरलेली एक लहानशी पुळण आहे. शेजारच्या भोगव्याच्या लांबलचक किनाऱ्यापुढे ती चिमुकली वाटते. मला मात्र तीच अधिक आवडली.

आम्ही मार्गशीर्षातल्या वद्य पंचमीला गेलो, आणि ही तिथी मुद्दाम निवडली होती. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. त्यानुसार पंचमीला पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी साडेनऊ-दहाला येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते खरे, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी बाराच्या आसपास तर भरतीच असते. मुलेमाणसे सोबत असतील तर चतुर्थी-पंचमीची सकाळ उत्तम.

सकाळी नऊला ओल्या वाळूवर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडली होती. पाऊल टाकायला जागा शोधावी लागत होती. खडपांना कालवांच्या कवचांची धार असते, म्हणून जाड तळव्याची पादत्राणे घालावीत. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी निघतानाच बजावले होते, "भरती सुरू झाली काय खडपार रवू नकात." अकराच्या पुढे पाणी कसे पाठीमागच्या चिरांतून शिरते ते पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटले. पोहण्याचा मोह टाळावा.

मग किल्ल्यावर जावे. बांधकाम फारसे उरलेले नाही, परंतु खंदक ओलांडून टोकाला गेल्यावर उत्तरेला भोगव्याचा किनारा आणि समुद्रात वेंगुर्ले रॉक्सवरचे दीपगृह दिसते. त्या खडकांतल्या गुहांत भारतीय पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात, हे ठाऊक असल्याने मी बराच वेळ तिकडे पाहत उभा राहिलो.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे. चिपीचा विमानतळ परुळ्याला लागूनच आहे. एसटीच्या भरवशावर असाल तर परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. पुळणीवर दुकान नाही. पाणी सोबत न्यावे, जेवण आदल्या दिवशी वाडीत सांगून ठेवावे. कोळ्यांची जाळी वाळत असतील तर त्यांवरून चालू नये. प्लॅस्टिकची एकही पिशवी मागे सोडू नका. एवढ्याशा पुळणीला तेवढीही भारी पडते.