गवत तुमचं, माती मालकाची

टेक्ससमध्ये स्वतंत्र घर भाड्याने घेतलं की घराबरोबर लॉन येतं आणि लॉनबरोबर कटकट येते. आपल्याकडे घरमालकाशी वाजतं ते गळक्या नळावरून, रंगाच्या पैशांवरून, नाहीतर भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवरून. इथे आमच्या ओळखीत ज्यांचं ज्यांचं मालकाशी बिनसलं, त्यातल्या बहुतेकांचं निमित्त अंगणातलं गवत.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. शाळा चांगल्या, ऑफिसं जवळ, त्यामुळे आपली माणसं भरपूर. सुरुवातीला सगळे अपार्टमेंटमध्ये असतात. तिथे गवत कोण कापतं हे कोणाला ठाऊक नसतं. सकाळी यंत्राची घरघर ऐकू येते, बस. मग मुलं मोठी होतात, गावाकडून आईवडील यायला लागतात आणि तीन-चार बेडरूमचं घर भाड्याने घेतलं जातं. घरमालकही बऱ्याचदा आपल्यातलेच, दहा-पंधरा वर्षं आधी आलेले. पहिलं घर न विकता भाड्याने दिलेलं. आमचेही मराठीच होते. ‘दादा’, ‘वहिनी’ सुरू झालं की करारातलं एखादं कलम काढून बोलायलासुद्धा जीभ रेटत नाही, आणि मालकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

करार चांगला पंधरा-सोळा पानी. इथले एजंट बहुतेक एकच छापील नमुना वापरतात. त्यात अंगणाच्या देखभालीसाठी चौकटी असतात: मालकाने करायची, भाडेकरूने करायची, की माणूस लावून, आणि लावला तर पैसे कोणी द्यायचे. देखभाल म्हणजे नुसतं कापणं नव्हे. खत घालायचं, झुडपं छाटायची, कीड आटोक्यात ठेवायची, पालापाचोळा उचलायचा. भाडं ठरवताना आपण स्वयंपाकघर बघतो, शाळेचं रेटिंग बघतो, आणि या चौकटीवर एजंट बोट ठेवेल तिथे सही करतो. पुढे मे महिना उजाडतो. बर्म्युडा गवताला ऊन आणि पाणी दोन्ही मिळालं की आठवड्यात पोटरीला लागतं. माणूस लावायचा तर एका खेपेचे ४०-५० डॉलर. स्वतः कापायचं तर मोवर, कडा कापायचं एजर, पानं उडवायचा ब्लोअर आणि शनिवारची सकाळ.

न कापून चालत नाही. डॅलस शहरात गवत १२ इंचांच्या वर गेलं की शहराची नोटीस येते. पण शहर परवडलं, एचओए नको. एचओए म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखीच संस्था, फक्त तिची हद्द जिन्याऐवजी अख्ख्या वसाहतीवर. त्यांचा माणूस गाडीतून फिरत फोटो काढतो आणि पत्र जातं मालकाला, कारण एचओएच्या लेखी भाडेकरू अस्तित्वातच नसतो. दंड मालकाच्या नावावर पडतो आणि करारातल्या एका ओळीच्या जोरावर मालक तो आपल्याकडे ढकलतो. आमच्याकडे असं पत्र व्हॉट्सअॅपवर यायचं, खाली हात जोडलेली इमोजी. फोटोत फूटपाथच्या कडेवर बोटभर आलेलं गवत, त्याला लाल गोल.

उन्हाळ्यात तर दोन्हीकडून मार. पारा ३८-४० अंशांवर टेकतो, पाण्यावर निर्बंध असतात. डॅलसमध्ये स्प्रिंकलर आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस लावता येतात, आणि एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ अजिबात नाही. शहर म्हणतं पाणी कमी, एचओए म्हणते हिरवं का नाही. लोकांनी इतकी ओरड केली की २०२५ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने कायदाच केला: पाणीटंचाईचे निर्बंध असतील तेव्हा, आणि ते उठल्यावरही ६० दिवस, पिवळ्या गवतासाठी एचओएने दंड करायचा नाही. आपल्या विधानसभेत लॉनवर विधेयक आलेलं मला तरी आठवत नाही.

आता खरी मेख. गवत भाडेकरूचं हे एकदा मान्य केलं, तरी त्या गवताखाली जे आहे ते कोणाचं? आमच्या मागच्या अंगणात एक स्प्रिंकलर वर यायचाच नाही. त्याच्या भोवती पंख्याच्या आकाराचा वाळका पट्टा. मालकांचं म्हणणं, तुमच्या मोवरखाली सापडून मोडला असेल. माझ्या नवऱ्याने खुरप्याने माती उकरून पाहिलं तर प्लास्टिकचा सांधा उन्हाने नव्हे, वयाने फुटलेला. आत झाडाची मुळं शिरलेली, बोटांनी ओढल्यावर केसांच्या गुंतवळासारखी बाहेर आली. फोटो काढून पाठवले. ‘वहिनी, एवढंसं तर आहे, बघू की,’ असं उत्तर आलं. ‘बघू की’चा अर्थ मराठी माणसाला फोडून सांगायला नको.

त्याच वर्षी माझे सासरे परभणीहून आले होते. दुपारी कोणी बाहेर पडत नाही अशा वेळी टोपी घालून घराला फेरी मारायचे. एक दिवस मला हाक मारून भिंतीच्या कडेला घेऊन गेले. माती आणि काँक्रीटच्या मध्ये फट पडलेली, त्यांनी त्यात चार बोटं घातली. ‘अगं, ही आपलीच काळी. कपाशीची.’ त्यांचा अंदाज अगदी नेमका होता. डॅलसपासून खाली ऑस्टिन, सॅन अँटोनिओपर्यंत जो पट्टा जातो त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. तिथली माती आपल्या रेगूरसारखीच, दोन्हींचा शास्त्रीय वर्ग एक, व्हर्टिसॉल. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापूस इथेही मुबलक पिकला. फरक इतकाच की आपल्याकडे तिच्यात पेरतात, इथे तिच्यावर काँक्रीटची लादी टाकून घर बांधतात. माती आकसली की लादी एका बाजूने खचते, मग दारं चौकटीत अडकतात, भिंतींना तिरप्या चिरा जातात आणि दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो.

म्हणून इथे घराच्या पायाला पाणी घालतात. चेष्टा नाही. भिंतीपासून फूटभर अंतरावर झिरपणारा पाइप पुरून ठेवतात आणि उन्हाळाभर माती ओलसर राखतात. आणि हे काम करारात भाडेकरूच्या यादीत असतं! वाजवी वेळी पायाला पाणी घालावे, अशी ओळ. पाण्याचं बिल आपलं, पाया मालकाचा. सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग उद्या भिंत तडकली तर म्हणेल, तुम्ही पाणी घातलं नाही.’ कोर्टात इतकं पुढचं किती वकिलांना दिसतं कोण जाणे. त्या दिवसापासून आम्ही दारांच्या वरच्या कोपऱ्यातल्या जुन्या चिरांचे तारखेसकट फोटो काढून ठेवले. राहायला आल्यावर घराची स्थिती लिहून द्यायचा एक तक्ता असतो. तो भरताना लोक आळस करतात. कार्पेटवरचा डाग, पडद्याची तुटलेली पट्टी, पिवळं पडलेलं गवत, सगळं त्यात लिहावं. नाहीतर जाताना ते आपल्या नावावर निघतं.

दुरुस्तीचा मोठा वाद झाला तो एसीवरून. इथे एसीचं यंत्र पोटमाळ्यावर असतं. त्याचं पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबते, खालचं तबक भरतं आणि बेडरूमच्या छतावर चहाच्या बशीएवढा डाग उमटतो. आमच्याकडे त्या बशीची परात झाली तरी ‘बघू की’ चालूच. शिवाय आरोप, तुम्ही फिल्टर बदलला नसेल. फिल्टर बदलणं खरंच भाडेकरूचं काम, पण आमच्याकडे पावत्या होत्या.

अशा वेळी आपली माणसं दोन गोष्टी करतात आणि दोन्ही अंगाशी येतात. एक म्हणजे भाडं थांबवतात. टेक्ससच्या कायद्यात दुरुस्ती मागायचा हक्क भाडं चुकतं करणाऱ्यालाच आहे. थकवलं की मालकावरची जबाबदारीच ढिली होते. दुसरं म्हणजे फोन आणि मेसेजवर वाद घालत बसतात. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल अशी दुरुस्ती लेखी कळवली की साधारण ७ दिवस हा वाजवी अवधी धरला जातो. साध्या पत्राने कळवलं तर अवधी संपल्यावर दुसरं पत्र द्यावं लागतं. पण पहिलंच पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह धाडलं तर एकावर भागतं. म्हणजे आपली रजिस्टर एडी. पोस्टातून हिरवं कार्ड सहीनिशी परत येतं, ते जपून ठेवायचं.

मराठी मालकाला रजिस्टर एडी पाठवायची म्हणजे गणपतीत समोरासमोर आल्यावर काय, हा प्रश्न घरात दोन रात्री चघळला गेला. मी पाठवली. माझं स्पष्ट मत आहे की यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, आणि ज्याला वाटतो त्याने घर भाड्याने देण्याच्या भानगडीत पडू नये. आठवड्याच्या आत एसीवाला आला. त्याने नळीत शॉप-व्हॅक, म्हणजे पाणीही ओढून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर, लावून काळपट गाळाचा गोळा ओढून काढला आणि जाताना सांगितलं, महिन्याकाठी कपभर व्हिनेगर ओतत जा. गणपतीत दादा भेटले. आरतीला शेजारी उभे होते, मोदकही खाल्ले, एसीचा विषय नाही.

घर सोडताना नवऱ्याच्या एका मित्राने सल्ला दिला, शेवटचा महिना डिपॉझिटमधून वळता करून टाका. पुण्यात हे सर्रास चालतं. आमच्या तिथल्या फ्लॅटच्या भाडेकरूने हेच केलं आणि आम्हाला वावगं वाटलं नाही. इथे मात्र टेक्ससचा कायदा हे चक्क मना करतो. वाईट हेतूने तसं केल्याचं ठरलं तर अडवलेल्या भाड्याच्या तिप्पट रक्कम मालकाला द्यावी लागू शकते. मालकालाही तीच मात्रा आहे. त्याने ३० दिवसांत डिपॉझिट परत करायचं, कापलं तर काय कापलं याची लेखी यादी द्यायची, वापराने होणारी साधी झीज कापायची नाही. वाईट हेतूने पैसे दाबून ठेवले तर तिप्पट, वर १०० डॉलर आणि वकिलाची फी. फक्त आपला नवा पत्ता लेखी दिलेला हवा. तो देईपर्यंत मालकावर पैसे किंवा यादी पाठवायचं बंधन नाही. तरीही मिटलं नाही तर जस्टिस कोर्ट आहे. २०,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालवता येतात.

आमचा चेक वेळेत आला. सोबत यादी: लॉन पूर्ववत करणे, २५० डॉलर. आम्ही मुळांच्या गुंतवळाचा फोटो, मेसेजच्या तारखा आणि राहायला आलो तेव्हाचा तक्ता असं सगळं एका पानात जोडून पाठवलं. ‘वहिनी, तुम्ही तर वकीलच निघालात,’ असा मेसेज आला, मागोमाग २५० डॉलर.

नव्या घराच्या करारात मी पहिल्यांदा अंगणाचं पान उघडलं. लॉनचा माणूस मालकच लावणार, भाडं महिन्याला १५० डॉलर जास्त. नवऱ्याला ते महाग वाटलं, मला नाही. मोवर, एजर, ब्लोअर तिन्ही मंडळाच्या ग्रुपवर विकायला टाकलंय. चौकशी करणारे सगळे नुकतेच अपार्टमेंटमधून घरात गेलेले, आणि भाव फार पाडून मागतात.